ड्राइव्हवरची लाल फुली

चिमी म्हणजे माझी सख्खी बहीण, पाठची. मी नववीत शाळा सोडून स्टिअरिंग धरलं, तिनं कॉम्प्युटर धरला. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ज्या ऑफिसची व्हॅन मी चालवतो, तिथले सगळे कॉम्प्युटर तीच सांभाळते. आमच्या गल्लीत तिच्या तोडीची पोरगी दाखवा, मिशी काढून देतो! मध्यंतरी तिनं सगळ्या मशीनवर वीज वाचवायची सेटिंग केली, तेव्हा साहेबांनी भर मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं. न्हाव्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना माझं ते ऐकवून झालंय.

त्यानंतर हे ड्राइव्हचं भूत मानगुटीवर बसलं.

तिथले सगळे नकाशे एका मोठ्या कॉम्प्युटरवर असतात. प्रत्येकाच्या स्क्रीनवर त्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह, म्हणजे कप्पा, दिसतो, तो उघडायचा नि काम करायचं. तर मधेच त्याच्यावर लाल फुली यायची आणि नकाशा सेव्हच व्हायचा नाही. चिमी धावत येऊन बसली की ड्राइव्ह शहाण्या बाळासारखा चालू. तिची पाठ वळली की पुन्हा गायब. लोक तिला बघून कपाळाला हात लावायला लागले.

चिमी अजून नोकरीत कायम झाली नव्हती. त्याच आठवड्यात सही व्हायची होती. साहेब म्हणाले, "आज कारण सापडलं नाही, तर बाहेरची माणसं बोलावतो. मग तुझं काय करायचं ते बघू."

खापर फुटत होतं पक्कडवर. पक्कड म्हणजे तिथला वायरमन, माझा दोस्त. बिचाऱ्यानं सगळ्या केबल बदलल्या, तरी फुली हटेना.

दुपारी मी नकाशांच्या गुंडाळ्या आत ठेवायला गेलो, तर चिमी मधोमध उभी.

"सगळ्यांनी हात मांडीवर. माउसला शिवायचं नाही."

"शाळा भरवलीस का गं?" मोठ्या बाई म्हणाल्या. त्या तिथल्या सगळ्यात जुन्या. पण हात मांडीवर ठेवलेच त्यांनी.

पंख्याची घरघर तेवढी. खिडकीजवळच्या मशीनवर लाल फुली आली. मग शेजारच्या. मग पलीकडच्या रांगेत. बघता बघता सगळीकडे. फक्त मोठ्या बाईंचा ड्राइव्ह जसाच्या तसा.

"माझं मशीन गुणाचं हो," बाई म्हणाल्या.

चिमी त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाई, मी ती वीज वाचवायची सेटिंग केली, तेव्हा तुम्ही रजेवर होता ना?"

"हो, लेकीच्या बाळंतपणाला. मशीनला पासवर्डचं कुलूप घालून गेले होते. का गं?"

चिमीचा चेहरा उतरला. मीही समजलो. बाईंच्या मशीनवर ती सेटिंग झालीच नव्हती. माणूस जरा रिकामा बसला की तिची सेटिंग मशीनचं नेटवर्कच झोपवत होती.

तेवढ्यात साहेब आले. "सापडलं? केबलच ना? पक्कड, उद्यापासून तू येऊ नकोस."

पक्कडनं मान खाली घातली. मी चिमीला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस! सेटिंग हळूच काढून टाक, कुणाला पत्ता लागणार आहे! पक्कडला मी दुसरीकडे चिकटवला असता.

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"केबल नाही साहेब. माझ्या सेटिंगनं होतंय. एका मशीनवर करून बघायला हवं होतं, मी एकदम सगळ्यांवर केली."

"म्हणजे ज्याबद्दल मी तुझं कौतुक केलं, तेच?"

"तेच."

साहेबांच्या कानशिलाची शीर टरारली. "पक्कड, तू थांब. आणि तू, आधी हे सगळं निस्तर. मग सकाळी केबिनमध्ये ये."

घरी जाताना व्हॅनमध्ये मी म्हणालो, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास."

"मग काय पक्कडच्या पायावर मारू, दादा?"

मी हॉर्न वाजवला. समोर कुणीच नव्हतं.

सकाळी ती केबिनमध्ये गेली. मी बाहेर व्हॅनमध्ये, पुसलेलीच काच पुन्हा पुसतोय. ती आली, खिडकीत वाकली.

"कायम नाही केलं. अजून सहा महिने बघणार."

"आणि?"

"नवीन काही करायचं असलं तर आधी त्यांच्या मशीनवर करून बघायचं. मग बाकीच्यांच्या."

"साहेबांच्या स्वतःच्या?"

"हो रे."

फाटकाबाहेर पडायच्या आत मी ते वॉचमनला सांगितलं.