मी बसवलेली कडी

वासुदेवकाकांच्या एअर रायफलीतली वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली कडी मी काढली आणि तिच्या जागी लहान भोकाची बसवली. स्पर्धेला दोन दिवस असताना. माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीचा जर्मनीला झालेला हा पहिला ठोस उपयोग.

या खेळात दुर्बीण चालत नाही. मागे एक छोटं भोक, पुढे नळीच्या टोकावर कडी. कडीच्या मधोमध लक्ष्याचा काळा ठिपका आला की चाप ओढायचा. एवढ्यासाठी कॅटलॉग मात्र आमच्या चाळीसगावच्या टेलिफोन डिरेक्टरीपेक्षा जाड. फिल्टर, झापडं, हातमोजे आणि कड्याच तीन पानं.

काका सांगलीचे. चौऱ्याऐंशी साली इकडे आले आणि गार्चिंगजवळ एका कारखान्यात टर्नर म्हणून रिटायर झाले. गावच्या नेमबाजी क्लबात दर शुक्रवारी हजर. नात्यातले नव्हेत, पण मलाही तिथे सभासद त्यांनीच करून घेतलं. "पूजा राहिली तर चालते यांना," शैलाकाकू म्हणायच्या, "शुक्रवार राहत नाही." क्लबात वर्षातून एकदा प्रत्येकाला एकच गोळी मिळते. जो मध्याच्या सगळ्यात जवळ मारेल तो वर्षभर राजा, गळ्यात चांदीची साखळी घालून मिरवणुकीत पुढे. काका दोनदा दुसरे आले होते. आता उजव्या डोळ्याला मधलंच दिसेनासं होत चाललेलं. पुढच्या वर्षी नेम धरता येणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. म्हणजे ही शेवटची गोळी.

आणि मी कॅटलॉग घेऊन बसलो.

"काका, ठिपक्याभोवती केवढी जागा सुटते तुमच्या कडीत. बेअरिंगमध्ये एवढा गॅप ठेवला तर मला ऑफिसातून हाकलतील."

"बेअरिंगला हात नसतात, सत्यजित. माणसाचा हलतो."

"म्हणूनच फिट पाहिजे."

काका बराच वेळ कडी बोटांत फिरवत राहिले. "आल्झो, बरं तर, शिकलेला तू आहेस. बसव."

"चाळीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही," काकू आतून म्हणाल्या, "आणि याचं बघा."

शनिवारी काकांनी रायफल उचलली, खाली ठेवली, परत उचलली. चार वेळा. पाचव्यांदा गोळी सुटली ती मध्यापासून लांब, सहाच्या वर्तुळात. राजा दुसराच कोणी झाला. टाळ्या वाजवायला सुरुवात काकांनीच केली.

नंतर क्लबातल्या एका म्हाताऱ्यानं मला समजावलं. डोळा थकला की कडी मोठी करतात. ठिपक्याभोवती भरपूर पांढरं सोडायचं, नाहीतर माणूस नुसता त्याच्यामागे पळत राहतो. "वासुदेव बोलला नाही तुला? नव्या पोरांना हे तोच शिकवतो."

बसमध्ये मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"गेनाऊ. अगदी."

"मग अडवलं का नाहीत?"

काका खिडकीबाहेर बघत होते. "मला वाटलं, तुझंच बरोबर असेल. डोळा जायला लागला ना, की आपल्याला येतं तेही खरं वाटेनासं होतं."

इथे माफी मागायची होती. मी म्हणालो, "त्या राजाचं पोट बघितलंत? साखळी आडवी पडली होती." काका हसले. हसल्यामुळे माझं आणखीच अवघड झालं.

काकांचे शुक्रवार बंद झाले. वसंतात मी क्लबात गेलो तेव्हा भिंतीवर कामाच्या तासांची यादी लावलेली होती. प्रत्येक सभासदानं वर्षाला चार तास क्लबचं काम करायचं असतं. कुंपण रंगवायच्या दिवशी मी ट्रेनिंगसाठी गेर्लिंगेनला होतो, तरी माझ्या नावापुढे चार तास भरलेले. शेजारी बारीक अक्षरात, 'वासुदेवने केले'.

मी फोन केला. "काका, माझ्या वाटचं कुंपण तुम्ही रंगवलंत?"

"हो रे. कुंपण मोठं असतं, दिसतं."

"मी करतो परतफेड. पुढच्या शनिवारी तुमच्या तळघरातली सफाई."

"ये की. काकू थालीपीठ लावेल."

त्याला आता चौदा शनिवार झाले, मी गेलेलो नाही. रायफल त्याच तळघरात आहे. कडी अजून माझीच आहे तिच्यात, आणि चार तास माझ्याकडे बाकी आहेत.