अप्पांच्या गिटारीचा रंग

तुम्हाला वाटलं असंल, लातूरचा माणूस गेला, त्यात पाण्याची बोंब, म्हणजे आता हा आपल्याला रडवणार. न्हाई. मी ऑर्केस्ट्रात लोकांचे आवाज काढून हसवणारा, रडवायचं मला जमत न्हाई. बस्वराजअप्पा गेल्याचं कळलं तेव्हाबी मी निलंग्याच्या स्टँडावर कंडक्टरचा आवाज काढून राहिलो होतो. आमच्या ढोलकीवाल्याचा फोन आला. "अप्पा टँकरच्या लायनीत उभे होते, हातात घागर… खाली बसले ते उठलेच न्हाईत." मी म्हणलं, "चेष्टा नको करू." मी जन्मभर सगळ्यांची चेष्टा केली, वाटलं हा परतफेड करून राहिला.

अप्पा आमच्यात गिटार वाजवायचे आन् दुकानात ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचे. पण त्यांचं खरं नाव होतं जुन्या इलेक्ट्रिक गिटारी ओळखण्यात. जुन्या गिटारीला भाव आला की कंपनी तशीच नवी पुन्हा काढती, मग कुणीतरी ती जुनी म्हणून खपवतो. लोक पार हैदराबादहून अप्पांकडं यायचे. अप्पा आधी वाजवायचेच न्हाईत. गिटारीची मान खोलून आत पेन्सिलीनं लिहिलेली तारीख बघायचे, आतल्या वायरींच्या जोडावरचा सोल्डरचा डाग जुना का नवा ते बघायचे. एकदा नांदेडचा एक शौकीन जागोजागी रंग उडालेली गिटार घेऊन आला. अप्पा म्हणले, "मालक, वाजवणाऱ्याचा हात ठरल्या जागी घासतो. हिला तर चहूकडून घासलंय. वाजवली का राखेनं भांडं घासलं?"

पण स्वतःची लाल गिटार त्यांनी कधी खोलली न्हाई. सिकंदराबादच्या एका म्हाताऱ्या वादकानं दिली, पन्नास वर्षांची हाय, एवढंच सांगायचे. मी म्हणायचो, "मग दाखवा की तारीख!" तर म्हणायचे, "माझ्यावर इश्वास न्हाई, आन् पेचकसावर हाय व्हय रे?" मग मी मनात ठरवूनच टाकलं, हीबी पुन्हा काढलेलीच असणार.

त्या दिवसांत उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा होती, त्या खुशीत कुणीतरी आमचा कार्यक्रम ठेवला. जिल्हा काय झाला न्हाई, कार्यक्रम झाला. मी माईकवर अप्पांचा घोगरा आवाज काढला, "समद्यांच्या खोट्या, माझी तेवढी असली!" मैदान हसून लोळलं. अप्पा माझ्या मागंच बसले होते, गिटार मांडीवर. परतताना जीपमधी एवढंच बोलले, "लई हुबेहूब काढलास रे…" माझ्याशी ते शेवटचंच. नवव्या दिवशी तो फोन.

खंडेनवमीला अक्कांनी, म्हणजे अप्पांच्या मालकीणबाईंनी, मला बोलावलं. दुकानातली हत्यारं पुजायची होती. म्हणल्या, "गिटार तेवढी ओल्या फडक्यानं पुस." हंड्यात बघितलं तर पाणी तळाला. टँकरचा पत्ता न्हाई. म्हणलं, पाणी कशाला घालवा, फळीवर थिनरची बाटली हाय की! थिनरनं जुन्या गिटारीचा रंग विरघळतो, पुन्हा काढलेलीचा रंग येगळ्या जातीचा, त्याला काई होत न्हाई, हे मला अप्पांनीच शिकवलेलं. आन् ही तर नवीच… बोळा भिजवला, फिरवला.

बोळा लाल झाला.

मी बघतच राहिलो. बोटं चिकटली, रंग साईगत सरकून राहिला. गिटार असली होती. अप्पा खरं सांगत होते, एवढी वर्षं खरंच सांगत होते… आन् त्यांचा कोपर टेकून टेकून जिथं रंग झिजला होता, ती जागाच मी पुसून टाकली होती.

तसाच लाल हात घेऊन अक्कांपुढं उभा राहिलो. काय केलं आन् का केलं, समदं सांगितलं. अक्कांनी आधी माझा हात बघितला. मग सुटल्या.

"खोटी वाटली म्हणून थिनर लावलास? आरं, त्या उदगीरहून आल्यापासून रोज पेचकस घेऊन बसायचे ते! खोलतो म्हणायचे, त्या पोराला तारीख दाखवतो म्हणायचे. मीच म्हणलं, नका, पोरगं मस्करी करून राहिलंय. मस्करी! गावभराचे आवाज काढतूस मुडद्या, एकदा तुझ्या सोताच्या आवाजात 'अप्पा, खरं सांगा' म्हणून इचारायला जीभ झडली होती का तुझी?"