मुकादमाच्या घरातले देव

लिहिण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. मी बीडला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे एवढंच, त्यावरून मला लिहिता येतं असं होत नाही. शिवाय ज्या घराबद्दल लिहितोय ते आमचं नव्हतं, आणि ज्या भीतीबद्दल लिहितोय तीही सगळी आमची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

त्या साली दुष्काळ होता. पाटोद्याच्या एका पतसंस्थेनं तारण ठेवलेली घरं लिलावात काढली होती. माझा मामा तिथं शिपाई. उन्हाळ्यात तो आमच्या गावी आला आणि माझ्या वडलांना, त्यांना आम्ही दादा म्हणतो, म्हणाला, "दाजी, उद्या पाटोद्याला या. लिलाव हाय. निस्तं खुर्चीवर बसायचं."

"मी कशाला?"

"तीन माणसं लागत्यात, न्हाईतर लिलाव धरीत न्हाईत. घ्यायचं त्यो कापडवाला घेनार हाय. तुमची अनामतबी त्योच भरनार."

"आन् मी काय करायचं?"

"जांभई आली तर तोंडावर हात ठिवायचा. बाकी काय न्हाई."

कॉलेजला सुट्टी होती, म्हणून मीही गेलो. घर कुणाचं हे तिथं गेल्यावर कळलं. मुकादमाचं. ऊसतोडीला टोळ्या नेणारा आमचा मुकादम. दादा आणि माय, म्हणजे माझी आई, दरवर्षी त्याच्याच हाताखाली ऊस तोडायला जायचे. एरवी दादा गवंडीकाम करायचे. त्याच घराच्या ओट्यावर तो बसायचा आणि आम्ही खाली रस्त्यावर उभे राहायचो. तो जोडप्याला नावानं हाक मारायचा नाही, 'ए कोयता' म्हणायचा; नवरा-बायको मिळून एक कोयता. मी लहानपणी मायच्या पदराआड उभा राहून त्याच्या चपलांकडे बघायचो. वर तोंडाकडे बघायची हिंमत कधी झाली नाही. आता उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, घेतलेल्या त्याच्या दोन टोळ्या पळाल्या होत्या, घर तारणात गेलं होतं आणि तो बायकोला घेऊन कुठंतरी नाहीसा झाला होता.

पतसंस्थेच्या दारात मुकादमाचा मेहुणा हाताची घडी घालून उभा होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाकडं रोखून बघत होता. साहेबांनी किंमत वाचली. कापडवाल्यानं मेहुण्याकडे पाहिलं, ग्लासातलं पाणी संपवलं आणि स्वतःच्या पायांकडे बघत बसला. तिसरा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. कुणीच बोली लावेना. साहेब वैतागून दादांकडे वळले, "काय हो, तुम्हाला मान्य आहे का ही किंमत?"

दादा उठून उभे राहिले. "व्हय साहेब."

एक वार, दोन वार, तीन वार.

दादांना घर घ्यायचं नव्हतं. पण साहेबानं विचारलं की 'व्हय' म्हणायचं, एवढंच त्यांना आयुष्यभर येत होतं. कारखान्यावर, फडात, मुकादमापुढं, सगळीकडं तेच.

बाहेर कापडवाला खेकसला, "आरं, मी गप बसलोय ते दिसत न्हाई का? व्हय कावून म्हनलास?"

"साहेबानं इचारलं ना."

मामाला आधी हसू आवरेना. मग मेहुणा दादांना नीट बघून घेत आमच्या शेजारून गेला आणि मामाचं हसू तिथंच थांबलं.

मागं फिरलो असतो तर अनामत बुडाली असती आणि ती कापडवाल्याला आम्हालाच भरून द्यावी लागली असती. दादांनी घराला एक फेरी मारली, भिंतीवर बोटानं ठोकून पाहिलं. "पाया दगडाचा हाय. वरचं मातीचं माळवद तेवढं गेलंय." परळीकडचे दोघंतिघं हाच धंदा करत होते: लिलावात पडकं घर घ्यायचं, वर पत्रे टाकायचे, रंग मारायचा आणि नोकरदाराला विकायचं. दादांनी शेळ्या विकल्या, मामानं हात दिला. दसऱ्याआधी घर विकलं गेलं तर ठीक. नाही गेलं तर दादा आणि माय पुन्हा उचल घेऊन तोडीला जाणार, आणि मीही कॉलेज सोडून त्यांच्यासोबत. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. पण मला माहीत होतं.

कुलूप काढलं तेव्हा घरात काही नव्हतं. भांडी, खाट, दाराची कडीसुद्धा नेलेली. फक्त आतल्या भिंतीतल्या देवळीत देव होते. चांदीचे टाक, लाल फडक्यावर, वाळलेल्या हळदीकुंकवासकट.

माय उंबऱ्यातच थबकली. शेजारची म्हातारी मागून डोकावली आणि म्हणाली, "समदं नेलं आन् देव ठिवले. म्हंजी येनार हाय बाई त्यो."

आमच्याकडं तोडीला जाताना लोक मुद्दाम देव घरी ठेवतात. देव जिथं, तिथं माणूस परत येतो. म्हणून ते टाक आम्हाला देवांसारखे दिसलेच नाहीत. निरोपासारखे दिसले: मी येतोय.

दुसऱ्याच्या कुळीच्या देवांना हात कसा लावायचा? दादांनी ती भिंत तशीच ठेवली. माळवद उतरवताना देवळीला घमेलं आडवं लावलं. रोज काम सुरू करण्याआधी माय तिथं दिवा लावायची, मगच माती उचलायची. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की दादांचा थापीचा हात थांबायचा. मी वाळू चाळत असायचो, तरी माझं लक्ष दाराकडंच असायचं.

दुसरी भीती पाण्याची. गिलाव्याला पाणी मारावं लागतं, आणि गल्लीत टँकर येईल तेव्हा येईल. पहिल्या दिवशी दादांनी भिंतीवर बादली मारली तेव्हा रांगेतली एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा गं, मुकादमाच्या भितीला आंघूळ, आन् आमच्या पोरांना न्हाई."

दुसरी म्हणाली, "भितीला दातबी घासायला लाव रं मिस्त्री!"

सगळ्या हसल्या. दादाही हसले, पण त्यांनी बादली खाली ठेवली. त्यानंतर माय घरोघर जाऊन भांडी धुतलेलं पाणी मागून आणायची. ते आम्ही बारदानावर ओतायचो आणि ओली बारदानं भिंतीला लावून ठेवायचो. घराला कित्येक दिवस खरकट्याचा वास होता. पण गिलावा तडकला नाही.

पत्रे पडले, शहाबादी फरशी बसली. गिऱ्हाइकं यायला लागली. तहसीलमधला एक कारकून बायकोला घेऊन आला. तिला फरशी आवडली, ती चप्पल काढून चालून बघत होती. मग देवळीपुढं थांबली.

"हे देव कुणाचे?"

मायला खोटं बोलता येत नाही. "मालकाचे. जुन्या."

"मग ते येतील की न्यायला!" तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "मी एकटी असायची घरात. नको बाई."

त्यानंतर जो आला तो देवळीपर्यंत आला आणि परत गेला. घर विकायचं तर देव जायला हवे होते, आणि देव जायचे तर ज्याला आम्ही घाबरत होतो त्यालाच शोधायला हवं होतं. दादांनी मेहुण्याकडं निरोप दिला. तो म्हणाला, "सांगतो." त्यानं सांगितलं की नाही, कळलं नाही. मग नुसत्या बातम्या यायला लागल्या. कुणी म्हणे, मुकादम परळीच्या स्टेशनवर दिसला. कुणी म्हणे नारायणगडावर, सोबत चार गडी होते. चार गडी कशाला, हे कुणी सांगत नव्हतं.

कॉलेज सुरू झालं म्हणून मी बीडला आलो, पण माझं मन वर्गात नसायचं. वसतिगृहाच्या दारात कुणी माझं नाव घेतलं की वाटायचं, दादांना काहीतरी झालं. नाहीतर, सामान बांध म्हणून सांगायला आलेत. दसरा जवळ येत होता. मी पुस्तकं आधीच एका पिशवीत भरून ठेवली होती.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात दुपारी माय वसतिगृहावर आली. एकटीच, एसटीनं, भाकरीचं फडकं घेऊन. लिंबाखाली बसली. मी ती पुस्तकांची पिशवी घेऊनच खाली आलो.

"आलता," ती म्हणाली.

"कोन?"

"त्योच. मुकादम."

"दादा?"

"बरे हायेत. ऐक तर." तिनं पाणी घेतलं. "हे शिडीवर रंग देत व्हते. खाली रस्त्यावर येऊन हुबा राह्यला. वळखू येईना, लई वाळलाय. बायको मागं, चार हात लांब. हे खाली उतरले आन् सवयीनं रस्त्यावर जाऊन हुबे राह्यले. त्योबी ओट्यावर चढंना. दोघंबी रस्त्यावर, आन् वटा रिकामा."

"मग?"

"मग त्यो म्हनला, 'देव न्यायचेत. आत येऊ का?' 'तुमी' म्हनला रं ह्यांना. 'तुमची हरकत न्हाई ना', म्हनला."

"दादा काय म्हणाले?"

"काय म्हनतेत? व्हय म्हनले."

माय थोडी हसली. मग सांगितलं, ते दोघं कर्नाटकात दुसऱ्याच्या टोळीत ऊस तोडत होते; तिकडं काही कारखाने पावसाळ्यातही चालतात. घर सोडताना घाई झाली. त्याला वाटलं देव बायकोनं घेतले, बायकोला वाटलं त्यानं घेतले. फडावर गेल्यावर गाठोडं सोडलं तेव्हा कळलं. पण घर दादांनी घेतल्याचं ऐकलं आणि त्याचा परत यायला पाय उचलेना. एवढी वर्षं राबवलेली माणसं, आता घरात सापडलो तर मागचं सगळं काढतील, असं त्याला वाटत होतं.

"लिलावाला मेव्हन्याला दारात हुबा केला, त्यो घर कुनी घेऊ नये म्हनूनच व्हय?"

"इचारलं न्हाई. काय इचारायचं? बायकोनं देवळीत दिवा बघितला आन् खालीच बसली. पदरात देव घेतले. पानी प्याली न्हाईत. गेली."

मी भाकरीचं फडकं सोडलं, पण भाकरी खाल्ली नाही. माय माझ्या पिशवीकडं बघत होती, तिच्यात पुस्तकं होती.

"त्यो कारकून काल इसार देऊन गेला," ती म्हणाली. "पिशवी सोड. औंदा आमी न्हाई जात तोडीला. ती दोघं जात्यात."