समुद्रातलं पेट्रोल

हातखंब्याला माझा पेट्रोल पंप आहे. गाड्या तेल भरून जातात, किस्से मात्र इथेच सांडून जातात. त्यातले निम्मे एकट्या अप्पांचे! अप्पा म्हणजे शेजारचे आंबा बागायतदार, पक्के शाकाहारी. त्यांची सून विनया हर्ण्याच्या मासेवाल्यांची मुलगी, शाळेत सायन्स शिकवते. लग्न झाल्यापासून अप्पांनी व्याह्यांच्या घरी पाऊल ठेवलं नव्हतं. कारण एकच, मासळीचा वास. विनयाला ते फार लागायचं, पण बोलायची नाही.

*

एकदा तिने घरी सांगितलं, की रिफायनरीत कच्चं तेल तापवून त्याची वाफ उंच टॉवरमध्ये सोडतात. पेट्रोल हलकं, ते वर जमतं. त्याखाली रॉकेल, मग डिझेल, आणि अगदी तळाला डांबर.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी पंपावर तेल भरणाऱ्या आमच्या शंकरला तंबी दिली, "टाकीतलं वरचं वरचं घाल रे मेल्या. तळाचं नको."

शंकरने पाइप जरा उंच धरला. अप्पा खूश होऊन गेले.

*

मग त्यांच्या बागेत बोअर मारली, तर पाण्यावर तेलाचा तवंग! अप्पांनी लगेच फर्मान काढलं, तेल खुशाल काढा, पण माझ्या कलमांना धक्का लावायचा नाही. विनयाने समजावलं, आपल्या जांभ्या दगडाखाली तेल कुठलं, हे तर बोअरच्या मशीनमधून गळलेलं डिझेल. अप्पांचं तोंड उतरलं.

*

खरं तेल कसं तयार होतं, हे त्यांनी विचारलं ते नेमकं श्रावणाच्या तोंडावर. समुद्रातले बारीक जीव आणि शेवाळ मरून तळाला बसतं, वर गाळाचे थर चढतात, आणि त्या भाराने नि उष्णतेने कोट्यवधी वर्षांत तेल होतं, असं विनयाने सांगितलं. अप्पांनी त्यातलं 'जीव' तेवढं ऐकलं. श्रावण लागला तशी गाडी माझ्या पंपावर लावली आणि 'आता महिनाभर एसटीनेच फिरेन' म्हणत चालत घरी गेले! एसटीही डिझेलवरच चालते, हे सांगायची आमची छाती झाली नाही.

ते सांगितलं विनयानेच. आणि पहिल्यांदाच मनातलं बोलली, "अप्पा, जन्मभर तुम्ही समुद्रातलंच जाळत फिरलात. माझ्या बाबांकडे नुसता चहा घ्यायला काय हरकत आहे?"

अप्पा उठून गेले. मला तिची काळजीच वाटली.

*

नारळी पौर्णिमेला सकाळीच अप्पा पंपावर हजर. इस्त्रीचा सदरा, काखेत बागेतला नारळ, मागे विनया. शंकरला राहवलं नाही. "अप्पा, श्रावण संपला नाय अजून."

"श्रावण मी पाळतोय, गाडी नव्हे. टाकी फुल कर. व्याही समुद्रावर थांबलेत माझ्यासाठी."