सूज उतरल्यावर

वर्षानुवर्षं लोकांची बोटं हातात घेऊन बसलं की किस्से गोळा होणारच. माणूस आधी दुखणं सांगतो, मग घरातलं सांगतो, आणि हात मोकळा झाला की कोणाचं ऐकत नाही.

गिरण्यांचा संप फिसकटल्यानंतरची ही वर्षं. परळच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते.

*

आमचे डॉक्टर बर्वे नव्या पेशंटला आमवात नीट समजावून सांगत. "शरीराचं रक्षण करणारं सैन्यच आपल्या सांध्यांवर चाल करून जातं."

समोर लालबागच्या परबकाकू. नवऱ्याची गिरणी संपात गेलेली. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे बाहेरचा कोणी नाय. आमच्या गिरणीत पण तसाच झाला."

*

डॉक्टर प्रत्येकाला विचारत, "सहा महिन्यांत काय जमायला हवं?" कोणी भाकरी म्हणे, कोणी पूजा.

शीव कोळीवाड्याची हिरामावशी मासे विकायची. ती म्हणाली, "शेजारीण माझ्या जागेवर पाटी मांडते. तिच्या झिंज्या धरायच्यात."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'पकड सुधारणे.'

पकड मोजायला बीपीच्या पट्ट्याची गुंडाळी करून मी तिला दाबायला द्यायची आणि पारा बघायची. औषध वेळेवर सुरू झालेलं, पारा दर खेपेला चढत गेला. एकदा तो पार वर गेला तशी मावशी म्हणाली, "आता लिहून दे, बाय. डॉक्टरच्या सांगण्यावरून झिंज्या धरल्या म्हणून."

*

गिरगावच्या जोशींना डॉक्टरांनी आठवड्यातून एकच गोळी दिली आणि दारू बंद सांगितली.

"फक्त गोळीच्या दिवशी ना?"

"रोज."

"गोळी आठवड्यातून एकदा आणि दारू रोज बंद? हा कुठला न्याय!"

पुढे सूज उतरल्यावर जोशींनी दारूऐवजी गोळी बंद केली. मनगटं सुजवून परत आले. डॉक्टर चिडले. "पाऊस थांबला म्हणून घराचं छप्पर काढता का?"

"आम्ही भाडेकरू, डॉक्टर. छप्पर मालकाचं."

पण गोळी परत सुरू केली.

*

परबकाकूंची बोटं सुरुवातीला सकाळी लाकडासारखी असत. काम गेल्यापासून परबकाका दुपारपर्यंत अंथरुणातच पडून असायचे. मग तेच पहाटे उठून चहा करायला लागले, पाणी भरायला लागले.

काही वर्षांनी काकू माझ्या कानाशी लागल्या. "सकाळचं आखडणं कधीच गेलं. पण ह्यांना बोलू नका. चहा फार छान करतात."

त्याच आठवड्यात काका एकटेच औषधं न्यायला आले. दिल्या शब्दाला जागून मी म्हटलं, "काकूंना सकाळ अजून जड जाते, नाही?"

काका हसले. "मी चहाकडे बघत असतो तेव्हा ती पाठीमागे झरझर वेणी घालते. फडताळाच्या काचेत दिसते मला."

पिशवी खांद्याला लावून ते दारापर्यंत गेले आणि वळले.

"मला दिसतं, हे तिला सांगू नका हां."