शिंग नाही, दाणे

सकाळी सहाच्या सुमाराला कुठेही फोन वाजला की मला एक केस आठवते. खून-दरोड्याच्या केसेस मी पुष्कळ पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच विसरलो. ही विसरता येत नाही. यात ना कुणी मेलं, ना कुणाला शिक्षा झाली.

मी सातवी शिकलेला माणूस. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढची तीन वर्षं गुजराती. बडोद्यातच शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. कुणाच्या पाया पडून बढती घेतली नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येतो. नाव मात्र कुणाचंच लिहिणार नाही.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. दुपारी हॉस्पिटलातून वर्धी आली. हॉस्पिटल पोलिसांना जो निरोप कळवतं, त्याला आमच्याकडे वर्धी म्हणतात. सुभानपुऱ्यातली एक गुजराती बाई, सकाळी फिरून येताना एका दुकानात ताकदीचा पेला प्यायली आणि घरी पोचेपर्यंत तिचा चेहरा सुजला, श्वास अडकला. मी गेलो तेव्हा तिच्या घशात नळी होती. जबाब देण्यासारखी स्थिती नाही, असं डॉक्टरने लिहून दिलं.

तिचा नवरा बाहेर बाकावर बसला होता. म्हणाला, "साहेब, एने शिंग चालती ज नथी. एक दाणो पेटमां जाय तो आवुं थाय. ज्यां जाय त्यां पूछीने ज खाय."

शिंग म्हणजे गुजरातीत शेंगदाणे. एक जरी पोटात गेला तरी तिला असं व्हायचं, म्हणून ती जाईल तिथे विचारूनच खायची.

"आज विचारलं होतं?"

"पूछ्युं हतुं. बाजूवाळां बेन साथे हतां, एमने पूछो."

बाजूवाल्या बेनचा, म्हणजे शेजारणीचा, जबाब आमच्या रायटरने लिहून घेतला. आजारी बाईने विचारलं, यात शिंग आहे का. दुकानदाराने फोन स्पीकरवर लावला, कारण माल करणारी दुसरीच कुणी बाई होती. त्या बाईने फोनवरून 'ना पाडी', म्हणजे नाही म्हणून सांगितलं. मग आजारी बाई प्यायली. दुकानातल्या डब्यात तर शेंगदाण्याचं कूट निघालं. म्हणजे फोनवरची बाई खोटं बोलली आणि त्यामुळे एक जीव जाता जाता राहिला. केस एवढीच. आता ती बाई कोण, ते शोधायचं.

दुकानदार आपला मराठी माणूस. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन बंगलोरला. सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली भाड्याने घेऊन त्याने हा धंदा मांडला होता. नाचणीचं सत्त्व, जवस, भिजवलेले मूग, वजन उतरवायचा पेला. एक वजनकाटा, एक मोजपट्टी, आणि वहीत प्रत्येकाचं वजन. लोक त्याला काका म्हणत. मी त्याला आधीपासून ओळखत होतो, लांबून. काट्यावर उभा राहिलेला माणूस खोटं बोलत नाही, फक्त पोट आत घेतो, असं तो म्हणायचा.

संध्याकाळी आमचा एक खबरी आला. रिक्षा चालवायचा. म्हणाला, "जमादार, ए काका सीधो नथी. दर मंगळवारी महाराष्ट्राच्या बसमधून त्याचं पोतं येतं, मीच आणतो. आज सकाळी बोंबाबोंब झाली तशी त्याने पोत्यावर शिवलेलं कापड मागच्या बाजूला नेऊन जाळलं. पत्ता लिहिलेलं कापड, साहेब. पोतं राहू दिलं, माल राहू दिला, कापडच जाळलं."

आता सांगा, कुणालाही काय वाटेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बोलावून बाकावर बसवला. फोन आदल्या दिवशीच जप्त करून मुद्देमालाच्या कपाटात ठेवला होता. फोनला कुलूप होतं आणि कुलपाचा आकडा तो सांगत नव्हता. कंपनीकडून फोनची यादी मागवायला पीआय साहेबांनी पत्र पाठवलं होतं, ती यायला वेळ लागतो.

सुरुवात मी सभ्यपणे केली. "काका, माल कोण करतं?"

"मी."

"फोनवर बाईचा आवाज होता."

"माल माझा. दुकान माझं. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

"अहो, ती बाई खोटं बोलली."

"ती खोटं बोलणार नाही."

"मग तुम्ही ऐकलंत काय बोलली ते?"

"मिक्सर चालू होता. मला काही ऐकू आलं नाही."

दुपारपर्यंत मी 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. तो आला नाही. "साहेब, चहा घेतलात का?" असं मलाच विचारायचा. इतक्या वर्षांत मी एक पाहिलं, स्वतःला वाचवणारा माणूस जास्त बोलतो, दुसऱ्याला वाचवणारा कमी. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी उपयोगी पडलं नाही, कारण मला राग आला होता.

"कोण लागते ती तुझी?"

यावर तो पहिल्यांदा शब्द शोधायला लागला. मग म्हणाला, "पार्टनर."

"भागीदारीचे कागद?"

"कागद नाहीत."

रायटर हसला. "काका, आ उंमरे पार्टनर?" आजूबाजूचे शिपाईही हसले. म्हातारा भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बसला. मीही हसलो होतो, हे लिहायला हवं.

संध्याकाळी त्याला घरी सोडला. जाताना त्याने एकच गोष्ट मागितली. "साहेब, माझा फोन बंद करून ठेवा." तेवढ्यावरून मी ठरवलं की फोन बंद करायचा नाही. उलट कपाटातून काढून रायटरच्या टेबलावर चार्जिंगला लावला.

मी पहिल्यापासून पावणेसहाला ठाण्यात हजर होणारा माणूस. तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचं रजिस्टर उघडलं आणि बरोबर सहाला तो फोन वाजला. वर नाव आलं, 'नाचणी'. मी उचलला आणि काही बोललो नाही.

तिकडून बाईचा आवाज. पन्नाशीच्या आसपास, साताऱ्याकडचा हेल.

"अहो, काल किती वेळा लावला, उचलला का नाही? आणि आज मिक्सरचा आवाज कसा नाही? गिऱ्हाईक नाही का अजून?" मग आवाज उतरला. "बरं नाही का तुम्हाला? काल भाकरी खाल्लीत का पुन्हा खिचडीच?"

इतक्या वर्षांत मी पुष्कळ फोन चोरून ऐकले होते. पण खिचडी विचारणारा एकही नव्हता. माझं घरही तेव्हा रिकामंच झालं होतं. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं.

मी सांगितलं, मी पोलीस आहे. बडोद्याहून बोलतोय. काय झालं तेही सांगितलं.

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्या बाई आहेत ना? जिवंत आहेत?"

"आहेत. तुम्ही त्यांना खोटं का सांगितलंत?"

"मी खोटं नाही सांगितलं हो. त्यांनी विचारलं, शिंग आहे का. मला कळेना, पिठात शिंग कसलं? म्हटलं शेवग्याच्या शेंगा म्हणत असतील. मी म्हटलं, शिंग नाही हो बाई, दाणे आहेत. भाजून कूट करून घालते. चांगलं स्पष्ट सांगितलं."

मी खुर्चीवर बसलो.

शिंग नाही, दाणे. मराठी माणसाच्या घरात दाणे म्हणजे शेंगदाणेच. गुजराती माणसाला दाणा म्हणजे धान्याचा दाणा, ज्वारीचा, गव्हाचा, कसलाही. सांगणारीने शेंगदाणे आहेत म्हणून सांगितलं आणि ऐकणारीने शेंगदाणे नाहीत, धान्य आहे, असं ऐकलं. दोघी खऱ्या. मधे दोन्ही भाषा येणारा एकच माणूस उभा होता आणि तो मिक्सर फिरवत होता.

साहेब पदवीधर, रायटर पदवीधर. त्यांनी 'ना पाडी' लिहून मोकळं केलं. मी लगेच बाजूवाल्या बेनकडे गेलो आणि म्हटलं, फोनवरची बाई जे बोलली तेच शब्द सांगा, अर्थ सांगू नका. ती म्हणाली, "शिंग नाय, दाणे, एवुं कंईक बोल्यां. दाणा एटले अनाज ज ने, भाई?" दोन दिवसांनी आजारी बाईची नळी निघाली, तिनेही तेच सांगितलं. केस फुटली. सातवी शिकलेल्या माणसाने फोडली, हे मी साहेबांच्या केबिनमध्ये उभा राहून मोठ्या आवाजात सांगितलं.

इथपर्यंत गोष्ट माझ्या बाजूची आहे.

फोन ठेवण्याआधी त्या बाईने मला हकीकत सांगितली होती. विधवा, दिराच्या घरात राहते. बचत गटाच्या स्टॉलवर एकदाच बडोद्याला आली होती, तिथे या माणसाने नाचणीचं पीठ घेतलं. मग फोन करून आणखी मागवलं. चार वर्षं तेच चाललं होतं. ती दळायची, भाजायची, पोतं बसला लावायची, आणि सकाळी सहाला दोघं बोलायची, कुणाचं वजन किती उतरलं, कुणाची साखर कमी आली. तो स्टॉल सोडला तर एकमेकांना पाहिलेलं नाही. घरच्यांना तिने सांगितलं होतं की बडोद्याला एक ताई आहेत, त्यांच्याबरोबर धंदा आहे.

ती म्हणाली, "साहेब, माझा जबाब पाहिजे ना? मी एसटीने येते तिकडे. दोन दिवस द्या. फक्त घरी कुणाला पाठवू नका. पाया पडते."

मी म्हटलं, "पाहू."

साहेबांनी सगळं माझ्यावर सोडलं होतं. "तमने ठीक लागे एम करो, जमादार." दोन दिवस थांबलो असतो तर काही बिघडणार नव्हतं. पण मला वाटलं, बाई आली नाही तर? कागद अपुरा राहिला तर हेच पदवीधर म्हणतील, सातवी पासकडून आणखी काय होणार. कायद्यात जसं आहे तसं करायचं, या एका वाक्यामागे मी जन्मभर लपलो आहे. तिने पत्ता सांगितला होता. मी तिथल्या ठाण्याला रीतसर पत्र पाठवलं.

जबाब आठवड्याने आला. चार ओळी, बिनचूक, खाली सही. साहेब म्हणाले, "कागळियां एकदम चोख्खां." फाईल बंद झाली. त्या दिवशी मी पेढे वाटले.

म्हातारा फोन न्यायला आला. मी मुद्देमालाच्या रजिस्टरवर सही घेतली आणि साताऱ्याहून जबाब आला, केस बंद झाली, एवढं सांगितलं. त्याने फोन उलटा-सुलटा करून पाहिला, मग उघडून आलेले फोन पाहिले.

"तिच्याकडे कोण गेलं होतं?"

"तिथला शिपाई."

"युनिफॉर्मात?"

"ड्युटीवर युनिफॉर्मच असतो."

"कधी गेला? दुपारी?"

"मला काय माहीत?"

"दुपारी दीर जेवायला घरी असतो," तो म्हणाला. मग तिथेच उभं राहून त्याने नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला नाही. फोन खिशात ठेवून म्हणाला, "शेवटचं तुम्हीच बोललात तिच्याशी. काय म्हणत होती?"

मी त्याला दाण्यांचं सांगितलं. खिचडीचं सांगितलं नाही. कपाट बंद करायचं निमित्त करून आत गेलो.

तो नंबर पुन्हा लागला नाही. म्हातारा साताऱ्याकडे गेला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "कोण म्हणून जाऊ?"

निवृत्त झालो. मुलगा पुण्याला, त्याचा फोन रविवारी येतो. सकाळी पावणेसहाला उठायची सवय गेली नाही आणि हजेरीचं रजिस्टर राहिलं नाही. म्हणून फिरत फिरत त्याच्या दुकानात जायला लागलो. पहिले काही महिने त्याने मला पेला दिला आणि तोंडातून शब्द काढला नाही. मीही हट्टी, रोज जात राहिलो. माल आता तो बाजारातून आणतो. काउंटरवर एक पुठ्ठा टांगलाय, त्यावर मराठीत 'शेंगदाणे आहेत', गुजरातीत 'शिंगदाणा छे'. पोलिसात एवढं शिकलो असतो तरी पुरे होतं. जबाब घेताना माणसाचा शब्द लिहावा, आपला अर्थ लिहू नये.

पण या केसने शिकवलं ते दुसरंच. कुणी घर दाखवून म्हणालं की या दारावर येऊ नका, तर थांबून विचार करावा, आत कोण राहतं. कागद दोन दिवसांनी पूर्ण केला तरी चालतो. बाकी काही गोष्टी नंतर पूर्ण करता येत नाहीत. हे मी नोकरीत कुणापुढे कबूल केलं नाही, आता लिहितो.

त्याची एक सवय आहे. सहा वाजायला आले की तो मिक्सर बंद करतो. गिऱ्हाईक उभं असलं तरी. फोन काउंटरवर, आवाज पूर्ण मोठा. पाच मिनिटं तसाच थांबतो, पुढ्यातलं फडकं घडी करतो, उलगडतो. कुणी विचारलं तर मिक्सर तापतो म्हणून सांगतो.

परवा तसाच थांबला होता. दुकानात आम्ही दोघंच. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी तिने आणखी एक विचारलं होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं."

त्याने वर पाहिलं.

"काल भाकरी खाल्लीत का पुन्हा खिचडीच, असं विचारत होती."

त्याने फडकं घडी करून बाजूला ठेवलं. घड्याळात सहा वाजून पाच झाले.

"खिचडीच होती," तो म्हणाला आणि त्याने मिक्सर चालू केला.