टायपिस्टला धरून ठेवायला

माझं लग्न एका टाइपरायटरमुळं जमलं. हैदराबादचं राज्य मोडलं, आम्ही मुंबई राज्यात आलो आणि परभणीच्या कचेरीतला उर्दू कारभार मराठी झाला. मराठी टाइपरायटर आला, पण तो चालवणारा आसपास कुठं मिळेना. शेवटी पुण्याकडचा एक तरुण आणला. त्याला खिडकीजवळची खुर्ची दिली, साहेबांच्या डब्यातली भाजी दिली. तरी तो रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसे. कचेरीनं ठरवलं, हा पळणार.

माझे मामा तिथं पेशकार होते. साहेबांपुढं कागद ठेवणं हे त्यांचं काम. ते आमच्या गावी, बोरीला येऊन आईला म्हणाले, "पोरगं लय गुणी हाय, पर रोज ठेसनाकडं जायलंय. इथला जावई झाला म्हंजे कुठं जातंय?"

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. शेणगोठ्याचा मला वीट आला होता आणि पुणं बघायचं होतं. पळणारा नवरा आयता चालून आला होता.

लग्नानंतर मामा दर बाजारच्या दिवशी घरी डोकावत. "हाय न्हवं जावई?" मी म्हणे, "हायत." ट्रंक मात्र मी भरूनच ठेवली होती.

धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीनं जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे असतात. त्या वर्षी साहेबांसकट सगळी कचेरी ह्यांची सासुरवाडी झाली. महिनाभर घरोघरी जेवून ह्यांचे सदरे तंग झाले.

मग एकदाचं पुण्याच्या एका मोठ्या कचेरीतून बोलावणं आलं. मी ट्रंक ओढून दारात आणली. ह्यांनी जागेवरूनच सांगितलं, "नाही म्हणून कळवलं मी."

"अहो, का?"

"इथं काय वाईट आहे? मी कधी जाणारच नव्हतो."

"मग ते रोज स्टेशनवर?"

"तिथला चहा बरा असतो."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. तो अजून गेलेला नाही.

पुढच्या बाजारला मामा आले. "हाय न्हवं जावई?"

"हायत," मी म्हटलं. ट्रंक दारातच होती. "आता मला थांबवायला कुणाला आणता, मामा?"